शंकेचं पाणी

मिल्का हसली आणि माझ्या हातून खोबरेल फळीवर सांडलं.

“अरे पिनहास, तेल बाटलीत घाल की रे! फळीला कशाला न्हाऊ घालतोस?” समोर उभी असलेली कोळीण म्हणाली.

माझे कान मागच्या खोलीत होते. पुढे तेलाचं दुकान, मागे घर, मध्ये एक दार, आणि दारापलीकडे रहमीम मास्तर पेटी मांडून बसलेला. त्याच्यासमोर आमच्यातल्या पाच-सहा बायका आणि सगळ्यांत पुढे माझी मिल्का. पुरीमला आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, होळीचा सण म्हणतो. त्या सणाच्या आधीच्या शनिवारी मशिदीत कीर्तन व्हायचं होतं. मशीद म्हणजे आमचंच प्रार्थनेचं घर, आमचे वाडवडील त्याला तेच नाव देत आले. तिथली प्रार्थना चालवणारे हज्जान आबाजीकाका कीर्तन करणार, मास्तर पेटी वाजवणार आणि बायका मागून पदं म्हणणार. तालमीला जागा आमची, कारण आमची मागची खोली मोठी. ही जागा मी स्वतः होऊन देऊ केली होती. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

रहमीम मास्तर मुंबईहून इथल्या शाळेत आला होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही. भांग असा की पट्टीने आखून घेतलाय. पेटी वाजवताना डोळे मिटायचा. लोक म्हणायचे, तल्लीन होतो. मला विचाराल तर डोळे मिटून बसणाऱ्या माणसावर मी आजही विश्वास ठेवत नाही. उघड्या डोळ्यांचा माणूस कुठे बघतोय ते निदान दिसतं तरी.

“पुन्हा एकदा, मिल्काबाई. जरा वरच्या सुरात.”

“मास्तर, तुम्ही सूर एवढा वर नेलात, आता मी काय माडावर चढू?”

आणि पुन्हा ते हसणं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती माझ्याशीही असंच बोलायची. मग पाळणा हलेना, आणि तिचं माझ्याशी बोलणं मीठ-मिरचीपुरतं उरलं. जे हसणं माझ्या घरातून गेलं असं मी धरून चाललो होतो, ते घरातच होतं. फक्त माझ्या वाट्याचं नव्हतं.

“ऐकतोयस ना?” आई दाराशी येऊन बसली. माझी आई सिपोराबाई. बाप मी रांगत असताना गेला, तिने एकटीने घाणा चालवून मला वाढवलं. “मूल नाही, बाळ नाही, आणि हसतेय बघ कशी. उथळ पाण्याला खळखळाट फार.”

“राहू दे गो आई.”

“मला काय? तुझी बायको, तुझी अब्रू.”

लग्नाला पाच वर्षं झाली होती. आमच्या आळीत असं एक घर नव्हतं जिथे आईने बसून सांगितलं नव्हतं की माझ्या सुनेची कूस कोरडी आहे. मिल्काने काय करायचं बाकी ठेवलं होतं? आमचा संदेष्टा एलियाहू हन्नाबी, त्याच्या नावाने नवसाचे मलिदे केले, वैद्याचे काढे नाक दाबून प्याली, उपास केले. बारशाला गेली की बायका तिच्या मांडीवर बाळ द्यायच्या नाहीत. ती कधी उलट बोलली नाही. रात्री एकदा मी विचारलं होतं, वाईट वाटतं का. ती म्हणाली, “झोपा आता.”

आणि आता हे हसणं!

मी लक्ष ठेवायला लागलो. तालमीच्या दिवशी ती केसांत अबोलीचा गजरा घालायची, एरवी नाही. मला चहा पितळी पेल्यात, मास्तरला गुलाबाची फुलं काढलेल्या कपात. तो कप तिच्या मामाने लग्नात दिलेला. मला कधी त्यातून एक घोट मिळाला नव्हता. कप त्याच्यापुढे ठेवताना ती मान वळवून दुकानाच्या दाराकडे बघायची. मी बघतोय का ते चोरून पाहते, असं मला वाटायचं. मी फळीमागे खाली वाकायचो, आणि फटीतून बघायचो. गंमत म्हणजे मी दिसलो नाही की ती मुकाट्याने परत यायची. मी दिसलो की हमखास काहीतरी बोलून हसायची. निर्लज्जपणाचीही काही हद्द असते, असं मी मनात म्हणायचो.

शेवटी मी तोंड उघडलं.

“उद्यापासून तालीम बंद.”

“का हो?”

“मी सांगतो म्हणून.”

“आबाजीकाकांना काय सांगू? नवऱ्याच्या पोटात दुखतंय?”

“माझ्या पोटात काही दुखत नाही.”

“मग काल ओवा कशाला मागितलात?”

मी बोट उगारलं. “त्या मास्तराशी एकटीने बोललेलं मला चालणार नाही. कान उघडून ऐक. एकटीने बसायचं नाही त्याच्याबरोबर.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. एखाद्या गोष्टीची आठवण पक्की करून घ्यावी तशी. “बरं,” ती म्हणाली. “तुम्ही मला बजावलंत. माझ्या लक्षात राहील.”

आणि दुसऱ्याच दिवशी काय झालं? तालीम संपली, बायका दुकानातून गप्पा मारत बाहेर पडल्या. मी मोजल्या. एक कमी. मागे वळून बघतो तर मधलं दार बंद. त्या दाराला माझ्या उभ्या आयुष्यात कोणी कडी लावली नव्हती. मी लाथ मारली. कडी निखळली, दार उघडलं. मास्तर डोळे मिटून कसलीशी चाल शोधत होता आणि मिल्का खोलीच्या दुसऱ्या टोकाला तांदूळ निवडत बसली होती.

“दार का लावलंत?”

“वाऱ्याने लागलं असेल,” मिल्का म्हणाली.

“कडीसुद्धा वाऱ्यानेच लागली?”

मास्तरने डोळे उघडले. “काय झालं, पिनहासभाऊ?”

“काही नाही. तुमची पेटी चालू द्या.”

त्या दिवशी मी जेवलो नाही. आईने सांगितलं, “मी बोलले तर वाईट. आता डोळ्यांनी बघितलंस.” मला मास्तरचा गळा दाबावासा वाटत होता, आणि त्याहून जास्त, मिल्काने एकदा तरी माझ्याकडे बघून तसं हसावं असं वाटत होतं. दोन्ही एकाच छातीत होतं, आणि कुठलं मोठं ते मला ठरवता येत नव्हतं.

शनिवारी सबाथचा विसाव्याचा दिवस सुटला, दिवे लागले आणि मशिदीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शेजारपाजारचे माळी, कोळीही ऐकायला आले होते. आबाजीकाका काळी टोपी घालून, चिपळ्या घेऊन उभे राहिले. एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला बायका.

“मंडळी, देवाच्या घरी माप एकच,” आबाजीकाका म्हणाले. “द्यायचंही तेच, घ्यायचंही तेच. ज्या मापाने तुम्ही दुसऱ्याला मोजाल, त्याच मापाने तो तुम्हाला मोजेल.”

“पिनहास, तुझ्या दुकानाची गोष्ट चाललीय रे!” मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले. मी हसलो नाही. माझं माप आळीत सगळ्यांत भरलेलं होतं, आणि हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक होतं.

काकांनी याकोबाची गोष्ट लावली. आंधळ्या बापापुढे तो करडाची कातडी हाताला बांधून थोरल्या भावाचं सोंग घेऊन जातो आणि भावाचा आशीर्वाद चोरतो. मग वर्षं जातात. मामाच्या घरी राबतो, त्याच्या धाकट्या मुलीसाठी, राहेलसाठी. लग्नाच्या दुसऱ्या सकाळी घुंगट वर करून बघतो, तर थोरली लेआ! “मामा, हे काय केलंत?” म्हणतो. आणि मामा लाबान मिशीवर ताव देत म्हणतो, “जावईबापू, आमच्या गावात थोरलीच्या आधी धाकटीला पुढे करत नाहीत!”

“ऐकलंस का याकोबा?” काकांनी चिपळ्या वाजवल्या. “थोरल्याच्या आधी धाकट्याने पुढे व्हायचं नसतं! बापाला अंधारात फसवलंस, तुला अंधारात फसवलं. बरोब्बर तेच माप!”

लोक मांड्या थोपटून हसले. मग फारो आला, ज्याने इस्रायलची पोरं पाण्यात बुडवली आणि जो स्वतः समुद्रात बुडाला. मग हामान, ज्याने दुसऱ्यासाठी फाशीचा खांब उभारला आणि ज्याला त्यावरच चढावं लागलं. प्रत्येक गोष्टीनंतर बायकांनी पद उचललं, “जैसे ज्याचे माप, तैसे त्याच्या पदरी, घे रे बापा, घे रे बापा!” मिल्काचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

मग आबाजीकाकांनी आवाज खाली आणला.

“देवाला माणसाच्या सगळ्या आजारांची माहिती. संशयाचीसुद्धा. मोशेच्या शास्त्रात त्याने त्यावर औषध सांगितलंय. नवऱ्याच्या अंगात शंकेचं वारं शिरलं, साक्षीदार कोणी नाही, तर त्याने बायकोला याजकाकडे न्यावं. याजकाने मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घ्यावं, त्यात देवळाच्या जमिनीवरची धूळ टाकावी, शाप लिहून ते अक्षर त्यात धुवावं, आणि ते कडू पाणी तिला पाजावं. ती पापी असेल तर तिचं पोट फुगेल, मांडी गळेल. आणि ती निर्मळ असेल तर—”

काकांनी बायकांकडे हात केला. पद मिल्काने एकटीनेच उचललं.

“निर्मळ नारीने प्यावे कडू पाणी,
देव भरी ओटी, सत्य त्याची वाणी.”

ती माझ्याकडे रोखून बघत गात होती. भरल्या मशिदीत, मास्तरच्या पेटीवर, माझ्या डोळ्यांत डोळे घालून. ही मला आव्हान देतेय, मी मनात म्हटलं. हिला वाटतं हा तेली काय करणार?

रविवारी सकाळी मी कुंभाराकडून नवं बोळकं आणलं. वाटेत मशिदीत शिरून, कोणी नाही असं बघून, जमिनीवरची चिमूटभर धूळ रुमालात बांधली. घरी येऊन दोन्ही वस्तू मिल्कापुढे ठेवल्या. ती नारळ खवत होती.

“दुपारी मशिदीत यायचं. कालचं ते पाणी प्यायचं तू.”

तिचा हात थांबला. “आजच?”

“का? भीती वाटते?”

ती उठली. नारळ तसाच टाकून आंघोळीला गेली, आणि मोठ्या उपासाच्या दिवशी आम्ही नेसतो तसं पांढरं नेसून बाहेर आली. केस मोकळे. मी रडण्याची तयारी केली होती, म्हणजे तिच्या रडण्याची. पाया पडेल, मास्तरचं नाव घेईल, मी ओरडेन, मग काय ते बघू. ही तर लग्नाला निघाल्यासारखी निघाली. इतकी निर्ढावली? की इतकी निर्दोष आहे? दोन्हींनी माझा जळफळाट सारखाच होत होता.

“मीही येते,” आई म्हणाली. “दूध का दूध होऊन जाऊ दे एकदा.”

दुपारी मशिदीत आबाजीकाका एकटेच दिव्यांत तेल घालत होते. मी सगळं सांगितलं. बंद दार, कडी, कप, गजरा. गजऱ्याबद्दल सांगताना माझं मलाच ओशाळं वाटलं, पण सांगितलं. काकांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“अरे गाढवा, यरुशलेमचं देऊळ पडलं त्याला शतकं उलटली. देवळाबरोबर याजक गेले, याजकाबरोबर ते पाणी गेलं. मी काल कीर्तन केलं, दवाखाना नाही उघडला!”

“धूळ देवाच्याच घरातली आहे. शब्द देवाचेच आहेत. तुम्ही पाणी करा.”

“डोकं फिरलंय तुझं. जा पोरी, तू घरी जा.”

मिल्का जागची हलली नाही. “नाही काका. पाणी द्या.”

“अगो, तुला कोणी—”

“मला हवंय ते.” आणि मग तिचा बांध फुटला. “किती दिवस मी याची वाट बघतेय. मास्तरांनी ते पद शिकवलं, त्याच दिवशी मला कळलं. निर्मळ बाई ते पाणी प्याली तर तिला मूल होतं. देवाने स्वतः सांगून ठेवलंय. मलिद्याने झालं नाही, काढ्याने झालं नाही, मी म्हटलं आता त्याला त्याच्याच शब्दांत पकडायचं. पण नवऱ्याला शंका आल्याशिवाय, त्याने बजावल्याशिवाय ते पाणी कोणी देत नाही. म्हणून—” तिने माझ्याकडे बघितलं. “म्हणून मी यांना शंका आणली. गजरा घातला, कप काढला, कडीसुद्धा मीच लावली. यांना शंका आणायला फार कष्ट पडले नाहीत.”

“आणि मास्तर?” मी विचारलं.

“त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांचे डोळे मिटलेले असतात.”

आबाजीकाका बाकावर बसले. “शमुवेलाची आई हन्ना,” ते हळूच म्हणाले, “तीही देवाला हेच म्हणाली होती असं जुने लोक सांगतात. मूल देत नसशील तर मी परक्या माणसाबरोबर एकटी बसेन, नवऱ्याला शंका आणेन, ते पाणी पिईन. मग तुला द्यावंच लागेल.”

“झालं ना तिला मूल?”

“झालं.”

“मग मलाही द्या.”

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. आधी हायसं वाटलं. त्याच्या मागोमाग आग. इतके दिवस मी जळत होतो, जेवत नव्हतो, फटीतून बघत होतो, आणि हिच्या मनात ना मास्तर होता ना मी. पाणी काढायला रहाट फिरवावा तसं हिने मला फिरवलं. जे मूल अजून झालंच नव्हतं त्याचाही मला त्या क्षणी हेवा वाटला. ते हसणं, तो गजरा, सगळं त्याच्यासाठी होतं.

काका माझ्याकडे बघत होते. त्यांना हा प्रकार कसातरी मिटवायचा होता, आणि ती पोरगी हटणार नव्हती.

“ठीक,” ते म्हणाले. “पण याला एक अट आहे. नवरा स्वतः स्वच्छ असेल तरच हे पाणी बायकोची पारख करतं. ज्या घरात काही लपवलेलं आहे, तिथे ते पाजणाऱ्यावरच उलटतं. तेव्हा पहिला घोट पिनहासने घ्यायचा.”

हे पहिल्या घोटाचं त्यांनी पदरचं घातलं होतं; नंतर त्यांनी मला तसं सांगितलं. त्यांना वाटलं, मी घाबरून बोळकं घेऊन घरी जाईन. पण मी कशाला घाबरू? परक्या बाईकडे मी कधी मान वर करून बघितलं नव्हतं. मापात कधी हात मारला नव्हता. मी बोळक्यात मशिदीच्या विहिरीचं पाणी घेतलं, रुमाल सोडला, धूळ टाकली.

“माझ्या घरात काही लपवलेलं नाही,” मी म्हटलं आणि बोळकं तोंडाला लावलं.

“नको!”

आई इतका वेळ पायरीवर ओठ आवळून बसली होती. ती कशी उठली, कशी आली, मला कळलं नाही. तिचा फटका हातावर बसला आणि बोळकं जमिनीवर फुटलं. थोडं पाणी माझ्या ओठांना लागलं होतं. ती पदराने माझं तोंड रगडून पुसायला लागली, मी लहान असताना माती खाल्ली की पुसायची तसं.

“थुंक! थुंक ते, मरशील!”

“आई, काय हे? मी काय पाप केलंय?”

“तू नाही. मी!” ती धापा टाकत होती. “पंधराव्या वर्षी तुला गालगुंड झालं होतं, आठवतंय?”

“हो. मग?”

“सूज खाली जांघेत उतरली होती. महिनाभर तू तापाने फणफणलास. अलिबागच्या डॉक्टरने मला बाजूला घेतलं. म्हणाला, बाई, पोरगा वाचला, पण याला पुढे मूल होणार नाही. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुला मुलगी कोणी दिली असती?”

बायकोला उघडं पाडायला मी तिला देवापुढे उभी केली होती. उघडा पडलो मी, आणि तेही माझ्या आईच्या तोंडून, बायकोच्या समोर, त्याच जागेवर. आबाजीकाका मापाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

“पाच वर्षं, आई?” मिल्का म्हणाली. “ते काढे तुम्ही स्वतःच्या हाताने उकळून देत होतात.”

आईने पदरात तोंड लपवलं.

मिल्का खाली बसली आणि फुटक्या खापऱ्या गोळा करायला लागली. ती रडली नाही. ओल्या धुळीवरून तिने एकदा हात फिरवला.

“काका, डॉक्टर काहीही म्हणो. देवाला अशक्य आहे का?”

“देवाला काय अशक्य आहे, पोरी? साराला नव्वदीत मूल झालं.”

“मग द्या.” ती उठली, आणि मग थांबली. काहीतरी तिच्या ध्यानात आलं. खापऱ्या हातात तशाच धरून ती माझ्याकडे वळली. पाच वर्षांत तिने इतक्या जवळून माझ्याकडे बघितलं नव्हतं.

“एक विचारते. मी प्याले, आणि देवाने ऐकलं, आणि मला दिवस गेले. तर तुम्ही काय समजाल?”

एवढंच विचारलं तिने. मला फक्त म्हणायचं होतं, देवाने दिलं असं समजेन. इतकं सोपं वाक्य. काका माझ्याकडे बघत होते, आई पदराआडून बघत होती. मी तोंड उघडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या मास्तराचा पट्टीने आखलेला भांग आला. ज्याने काही केलं नव्हतं असं आत्ताच कळलं होतं, त्याचा. मी तोंड मिटलं.

मिल्काने मान हलवली. “हो ना?” ती म्हणाली. “म्हणजे निर्मळ राहायचं असेल तर मला मूल होऊन चालणारच नाही.”

तिने खापऱ्या कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या, केस बांधले आणि दाराकडे निघाली. आबाजीकाका तिच्या मागे गेले. पायरीवर त्यांनी तिला सांगितलेलं मी ऐकलं. अशा लग्नातून बाईला सुटका मागता येते, धर्मात तशी सोय आहे, फारकतीचा कागद मी स्वतः करून आणेन, तू तरुण आहेस. ती म्हणाली, “विचार करून सांगते, काका.” तिने काय विचार केला मला ठाऊक नाही. ती घरी आली, खवलेल्या नारळाचं जेवण केलं, तिघांची पानं मांडली. सुटका तिने कधी मागितली नाही. का राहिली, हे विचारायची मला भीती वाटली, आणि मग ते विचारायचं वयच निघून गेलं.

पुढे मी मुंबईला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवलं. तो अलिबागच्या डॉक्टरसारखंच बोलला, फक्त इंग्रजीत. आई त्यानंतर आळीतल्या कोणाच्या घरी बसायला गेली नाही. शेवटच्या आजारात तिचं सगळं मिल्कानेच केलं, आणि आई तिच्या हातून पाणी घेताना दर वेळी डोळे मिटायची. मास्तर काही वर्षांनी बऱ्याच लोकांबरोबर इस्रायलला गेला. जाईपर्यंत तो आमच्याकडे पेटी घेऊन येत राहिला. मिल्का गात राहिली, हसतही राहिली, पण आता मी दाराशी आलो तरी तिचं हसणं कमी-जास्त व्हायचं नाही. तिला माझ्याकडून काही नको होतं.

माझं म्हणाल तर शंकेचं वारं गेलं नाही. असं वारं जात नसतं. ज्याला त्याला तिच्याशी बोलताना बघून मी आतल्या आत धुमसायचो. पण दर महिन्याला चार दिवस ती आमच्या रीतीप्रमाणे वेगळी बसायची. मागच्या खोलीत भिंतीला लागून तिची चटई पसरलेली दिसली की माझा जीव भांड्यात पडायचा. बायको निर्मळ आहे याची साक्ष मी देवाकडे मागितली होती. त्याने ती द्यायला हात आखडला नाही. तिचे केस पांढरे व्हायला लागेपर्यंत, एकही महिना न चुकवता, तो देत राहिला. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. कधीकधी तिचा खांदा हलताना दिसायचा. आणि मला, देवाशप्पथ सांगतो, बरं वाटायचं.